टॉवरवरचं ते काळं

समोरच्या मोबाइल टॉवरवर, वरून दुसऱ्या फळीपाशी, काहीतरी काळं अडकलं होतं आणि हलत होतं. आईला ते पहिल्यांदा दिसलं. गुडघ्यांमुळे तिचं बाहेर पडणं जवळजवळ थांबलंय, सकाळचा बराचसा वेळ ती गॅलरीतल्या खुर्चीत असते आणि तिथून जेवढं आभाळ, जेवढी छतं दिसतात त्यांची तिला खडानखडा माहिती असते, कुठल्या टाकीच्या काठावर पारवे किती वाजता येतात, कुठली डिश अँटेना वाऱ्यानं वाकलीय, सगळं. तर तिनं हाक मारली, "अगं इकडे ये जरा, ते काय आहे गं तिथे?" मी बघितलं, मला पण एक काळा ठिपका दिसला, मधेच फडफडल्यासारखा. पक्षी अडकलाय का, तो पंख आहे का, का नुसतं फाटकं प्लास्टिक, काही कळेना. मी फोन काढला, झूम जेवढं होतंय तेवढं केलं, फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, फोन अगदी नाकाजवळ नेला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला आणि म्हणाली, "हा तर डाग आहे नुसता."

मग तीन दिवस ती उठल्याउठल्या आधी तिकडे बघायची. हलतंय अजून. आज कमी हलतंय गं. रात्री केवढा वारा होता, काय झालं असेल त्याचं. मी म्हणायचे, आई प्लास्टिक असेल, पण मलाच खात्री नव्हती आणि ते तिला माझ्या आवाजातून बरोबर समजत होतं. चौथ्या दिवशी सकाळी बघितलं तर तिथे काहीच नव्हतं.

ते काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही.

विसरून जायची गोष्ट होती खरं तर, पण मला ती राहून राहून टोचत राहिली. तिचा तो "डाग आहे नुसता" म्हणतानाचा आवाज, त्यात तक्रार नव्हती, नुसतं दमल्यासारखं होतं काहीतरी. रोजच्या फोटोंसाठी कॅमेरा घ्यायचा विचार माझ्या डोक्यात बरीच वर्षं येऊन जाऊन होता, पण दरवेळी वाटायचं की फोन आहे की, वेगळा कॅमेरा कशाला, आपण काय जंगलात जातोय का. लांब झूमचा कॅमेरा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर जंगल, पाणवठा, जीप असंच काहीतरी यायचं. रोजच्या जगण्यातच आपल्याला किती गोष्टी लांबून बघाव्या लागतात, आणि ज्याला जवळ जाता येत नाही त्याचं तर अख्खं जगच लांब असतं, हे मला त्या तीन दिवसांत समजलं.

घरात दुर्बीण आहे, बाबांची. काळी, जड, वरचं कातडं कोपऱ्यात सोललेलं, त्याच्यावर पांढऱ्या अक्षरात ८×४० कोरलेलं. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं की हे आकडे कसले, तेव्हा ते म्हणाले होते, आठ म्हणजे आठ पट मोठं दिसतं, आणि सगळे ह्या आठलाच भुलतात, पण खरा जीव आहे तो चाळीसमध्ये, चाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये, जेवढी काच रुंद तेवढा उजेड आत. मला तेव्हा ह्यातलं काही कळलं नव्हतं, मला फक्त त्या दुर्बिणीचा वास आवडायचा, कातड्याचा आणि थोडा तेलाचा. त्या दुर्बिणीला मधे एक चाक होतं आणि उजव्या डोळ्याच्या नळीला वेगळी एक कडी, प्रत्येकाच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवून घ्यायची. ती कडी कायम बाबांच्या नंबरावर असायची. घार दिसली की ते आधी स्वतः बघणार, मग दुर्बीण आईकडे देणार, आई चष्मा काढणार, ती कडी फिरवत बसणार, आणि तोवर घार कुठल्या कुठे. "दिसली का?" बाबा विचारायचे. "दिसली दिसली," आई म्हणायची. बाबा गेल्यावर कितीतरी महिन्यांनी तिनं मला सांगितलं की तिला त्या दुर्बिणीतून एकही घार कधी धड दिसली नव्हती.

आता त्या दुर्बिणीत बुरशी धरलीय. आतल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेत, त्यातून बघितलं की सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. टॉवरवरचं ते काळं बघायला मी ती काढली होती, पाच मिनिटं पुसत बसले, मग परत पेटीत ठेवली.

तर कॅमेरा. मी आधी कागद-पेन घेऊन बसले, कारण आकडेमोड केल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पटत नाही. टॉवर नकाशावर मोजला तर आमच्या गॅलरीपासून जवळजवळ तीनशे मीटरवर निघाला. फोनच्या साध्या लेन्सला तीनशे मीटरवर सुमारे चारशे मीटर रुंदीचा देखावा दिसतो, म्हणजे तो फोटो चार हजार पिक्सेल रुंद धरला तर एका मीटरच्या वाट्याला साधारण दहाच पिक्सेल. कावळा घ्या, चोच ते शेपूट पंचेचाळीस सेंटिमीटर. चार पिक्सेल! आईच्या हातात मी चार पिक्सेलचा पक्षी दिला होता आणि ती त्याला दोन बोटांनी मोठं करून त्याचा पंख शोधत होती. फोनच्या झूममुळे थोडाफार फरक पडतो, वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर चांगलाच पडतो, पण त्याच्या पुढे फोन आहे त्याच पिक्सेलना ताणतो आणि मधल्या जागा अंदाजानं भरतो, म्हणून तर ते कडेनं ब्रश फिरवल्यासारखं दिसतं. हेच गणित सहाशे मिलिमीटरच्या लांब झूम लेन्सला केलं (मिलिमीटर जेवढे जास्त तेवढं लांबचं जवळ येतं) तर देखावा अठरा मीटर रुंद राहतो आणि कावळा शंभर पिक्सेलचा होतो. बाराशेला दोनशे. दोन हजारला तीनशेच्याही वर. शंभर पिक्सेलमध्ये पक्षी आहे की प्लास्टिक एवढं कळतं, दोनशेमध्ये तो कुठे बघतोय तेही कळायला लागतं.

ब्रिज कॅमेरा हा प्रकार मी तोवर कधी नीट बघितला नव्हता. लेन्स पक्की बसवलेली, काढता येत नाही, दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, आणि एकाच लेन्समध्ये अख्खी खोली मावेल इतक्या रुंद देखाव्यापासून चंद्रापर्यंत सगळं. लोक त्याला नाकं मुरडतात, ना धड छोटा ना धड मोठा म्हणतात. मला मात्र रोजच्यासाठी हाच बरोबर वाटला, लेन्स बदलायची नाही, पिशवी सांभाळायची नाही, गॅलरीत खुर्चीशेजारी ठेवला की झालं. आणि आईला मी लेन्स बदलायला शिकवणार नव्हतेच.

पण निवडायला बसलं की गोंधळ सुरू होतो, आणि पहिला गोंधळ त्या ‘एक्स’चा. पन्नास एक्स, साठ एक्स, एकशे पंचवीस एक्स. एक्स म्हणजे फक्त लेन्सच्या ह्या टोकाला त्या टोकानं भागून आलेला आकडा. २४ पासून सुरू होऊन १२०० पर्यंत जाणारी लेन्स ५० एक्स होते आणि २० पासून सुरू होऊन त्याच १२०० पर्यंत जाणारी ६० एक्स, म्हणजे टॉवर दोन्हीत सारखाच जवळ येणार, फरक आहे तो खोलीतल्या फोटोत. त्यामुळे एक्स विसरून लांबचं टोक किती मिलिमीटर तेवढंच मी लिहायला लागले. २०१५ चा निकॉन पी९००, दोन हजार मिलिमीटर. २०१८ चा पी१०००, तीन हजार, त्याच्यात चंद्र फ्रेमच्या उंचीत मावत नाही. कॅनन एसएक्स७०, १३६५. पॅनासॉनिक एफझेड३००, सहाशे, पण अॅपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, सगळीकडे एफ २.८ (हा आकडा लहान तर भोक मोठं). सोनी आरएक्स१० मार्क ४, तोही सहाशेच, पण त्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, मोठा. हे सगळे आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात फिरवून सांगितलेले असतात, खरी लेन्स बरीच छोटी असते.

सेन्सरवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. बहुतेक लांब झूमवाल्या ब्रिज कॅमेऱ्यांचा सेन्सर १/२.३ इंची म्हणतात तो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. आरएक्स१० किंवा एफझेड१००० सारख्यांचा एक इंची, पण तो पण काही खरा एक इंच नसतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचनळीच्या जाडीवरून चिकटलंय. क्षेत्रफळ काढलं तर छोटा अठ्ठावीस आणि एक इंची एकशे सोळा, चौपट. सेन्सर मोठा तर फोटो चांगला, संध्याकाळच्या उजेडात दाणे कमी, हे सगळं बरोबर आहे. पण मला कळेना की मग लांबच्या पक्ष्यासाठी दोन हजारवाला छोट्या सेन्सरचा घ्यावा की सहाशेवाला मोठ्या सेन्सरचा. दोघांचीही बाजू पटायची आणि रात्री झोपताना परत मत बदलायचं.

आणि तेव्हा मला बाबांचा चाळीस आठवला.

पुढच्या काचेची रुंदी. ती काढता येते की! लेन्सची खरी फोकल लेंथ, म्हणजे फिल्मच्या हिशेबात न फिरवलेले मिलिमीटर, जी लेन्सच्या तोंडावर गोल छापलेली असते, तिला त्या टोकाच्या एफ आकड्यानं भागायचं. पी९००, ३५७ भागिले ६.५, पंचावन्न मिलिमीटर. आरएक्स१० मार्क ४, २२० भागिले ४, पंचावन्न मिलिमीटर! मी परत केलं गणित, तेच आलं. मग दुसरी जोडी, एफझेड३००, १०८ भागिले २.८, साडेअडतीस. एसएक्स७०, २४७ भागिले ६.५, अडतीस. पी१००० चा सदुसष्ट. रात्री साडेअकराला मी एकटीच त्या कागदाकडे बघत बसले होते आणि मला बाबांना फोन करावासा वाटला. टॉवरवरच्या एका पक्ष्याकडून येणारा उजेड किती आत घ्यायचा हे ठरतं त्या भोकाच्या रुंदीवर, त्यात दोन हजारवाला आणि सहाशेवाला सारखेच. लांबच्या वस्तूतली किती बारीक गोष्ट वेगळी ओळखू येईल ह्याची शेवटची मर्यादापण तीच रुंदी ठरवते. दोन हजारवाला तोच उजेड जास्त पिक्सेलवर पसरवतो, मोठ्या सेन्सरवाला कमी पिक्सेलवर पण दाट गोळा करतो. म्हणजे जादू कोणाकडेच नाही. पंचावन्नच्या काचेला पंचावन्नचं वजन लागतं आणि ते कुठून तरी भरावंच लागतं. आठला भुलू नको, बाबा म्हणाले होते, खरा जीव चाळीसमध्ये.

आता ह्याच्यापुढे मी नक्की कुठला घेतला असता ते सांगते, मी आरएक्स१० घेतला असता. फोकस वेगवान, सेन्सर मोठा, संध्याकाळचे फोटो सुंदर, माझ्यासाठी घ्यायचा असता तर दुसरा विचार केला नसता. त्याचं वजन एक किलो पंच्याण्णव ग्रॅम. पी९०० नंतर आलेल्या पी९५० चं एक किलो पाच ग्रॅम. पी१००० तर जवळजवळ एक किलो चारशे. मी स्वयंपाकघरातून पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली आणली आणि आईला म्हणलं, ही दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धर बरं. तिनं का म्हणून विचारलं नाही, धरली. मी मनात आकडे मोजत होते. सहा झाले आणि मनगटं थरथरायला लागली, नऊला तिनं बाटली हळूच मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "जड आहे गं." मग अर्ध्या लिटरची धरायला दिली, ती तिनं वीस मोजेपर्यंत धरली आणि वर विचारलं की अजून धरू का.

आणि माझा कॅमेरा तिथे ठरला.

सहाशे ग्रॅम. लांबचं टोक बाराशे. छोटा सेन्सर. मॉडेल जुनं आहे, आता बनत नाही, वापरलेलाच मिळाला, म्हणून नाव सांगून काही उपयोग नाही. एक जिना उतरल्यासारखं वाटलं होतं मला घेताना, खोटं कशाला बोलू, त्या पंचावन्नच्या काचेचे फोटो इतके दिवस बघून झाले होते. घरी आणला, बॅटरी चार्ज केली, आईच्या मांडीवर ठेवला, तिनं लेन्सचं झाकण काढायच्या आधी दोन्ही तळव्यांनी त्याला सगळीकडून हात लावून बघितला. मग बटण दाबलं आणि लेन्स घर्र असा आवाज करत पुढे आली तशी ती दचकली आणि हसली.

पहिला आठवडा अवघड गेला. बाराशेला समोरचा देखावा इतका अरुंद होतो, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्याएवढाच, की कॅमेरा केसभर हलला तरी टॉवर गायब आणि नुसतं निळं आभाळ. "गेला," ती म्हणायची. "कुठे गेला आता?" ह्या कॅमेऱ्यांमध्ये बहुतेकांना एक बटण असतं, दाबून धरलं की झूम पटकन मागे येतं, मधे चौकट दिसते, वस्तू चौकटीत आणायची आणि बटण सोडायचं की झूम परत जागेवर जातं. माझ्या मते रोजच्या वापरासाठी कॅमेरा घेताना पाचशे मिलिमीटर जास्त मिळण्यापेक्षा हे बटण असणं महत्त्वाचं आहे आणि ते बोटाला न बघता सापडणं त्याहून महत्त्वाचं. पण आईनं ते बटण फार वापरलंच नाही. तिनं स्वतःची रीत काढली. टॉवरच्या खाली पिवळी भिंत आहे, ती आधी भिंत पकडते, मग थोडं झूम, मग टॉवरचा पाय, मग थोडं झूम, आणि मग शिडी चढल्यासारखी एकेक फळी वर जाते. मी सांगितलेली कुठलीच गोष्ट इतकी चांगली नव्हती.

हात हलणं हा दुसरा प्रश्न. जुना हिशेब असा की जेवढे मिलिमीटर तेवढा शटर वेगवान हवा, बाराशेला सेकंदाचा बाराशेवा भाग, आणि छोट्या काचेतून एवढा वेग फक्त चांगल्या उन्हात परवडतो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे खरंच जीव वाचवतं, चार-पाच स्टॉपचा दावा असतो, एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट, पाच धरले तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागापर्यंत उतरता येतं, पण ते माझ्या हाताला, आईच्या हाताला तेवढं नाही. तिचं कोपर कठड्यावर टेकतं, कॅमेरा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कपाळाशी दाबलेला असतो, पट्टा मानेत ताणलेला, आणि बटण अर्धं दाबून ती श्वास सोडते. नुसत्या मागच्या स्क्रीनवर बघून लांब झूमचा फोटो काढणं म्हणजे हात लांब करून सुईत दोरा ओवणं. म्हणून व्ह्यूफाइंडर नसलेला लांब झूमचा कॅमेरा घेऊ नका, आणि असलेल्यात पण तो किती स्वच्छ आहे ते डोळा लावून बघा, पी९०० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ९ लाख २१ हजार ठिपके होते, पी९५० मध्ये २३ लाख ६० हजार, हा फरक पहिल्या नजरेत दिसतो.

मग उष्णता. दुपारी बाराला तिनं टॉवरचा फोटो काढला तर टॉवर पाण्यात बुडाल्यासारखा, कडा वाकड्या, पायऱ्या वितळलेल्या. तिला वाटलं कॅमेरा बिघडला. कॅमेरा नव्हता बिघडला, मधल्या तीनशे मीटरमध्ये तापलेली छतं आहेत, त्यांच्यावरची गरम हवा थरथरत वर जाते आणि उजेडाला वाकवते. कितीही महाग काच आणली तरी हवा मधे आहेच. सकाळी साडेसहाला, छतं अजून रात्रीची गार असताना, तोच टॉवर इतका स्वच्छ दिसतो की बोल्टवरचा गंज दिसतो. त्यामुळे आता आई सहाला उठून गॅलरीत येते. आधी सात-साडेसातपर्यंत तिला उठावंसंच वाटायचं नाही.

तिनं काय काय काढलं ह्या महिन्यांत. टाकीच्या काठावर अंग फुगवून बसलेला पारवा, त्याच्या मानेवरचा हिरवा आणि जांभळा रंग, जो तिला म्हणे आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसला. इमारतीला रंग देणाऱ्या माणसाचा दोर, नुसता दोर. ढगाची कड. अर्धा चंद्र, तो आधी नुसता पांढरा गोळा येत होता कारण कॅमेरा काळ्या आभाळाकडे बघून उजेड वाढवायचा, मग मी तिला सांगितलं की चंद्रावर ऊन पडलेलं असतं, उन्हातल्या दगडाचा फोटो काढतेस असं समज आणि उजेड खाली आण, तिनं आणला आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्डे दिसायला लागले, सावल्यांसकट. बाराशेला चंद्र फ्रेमच्या निम्म्या उंचीचापण होत नाही, तरी ती कितीतरी वेळ त्या छोट्या स्क्रीनकडे बघत होती. सूर्याकडे मात्र लेन्स धरायची नाही हे मी तिला पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलंय, एवढ्या झूमला उन्हाचा सगळा जोर सेन्सरच्या एका ठिपक्यावर येतो.

आणि खिडक्या. हे मी तिला सांगायची गरजच पडली नाही. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी टॉवर शोधताना मधे कोणाची तरी खिडकी आली, पडदा बाजूला होता, आत कोणीतरी केस विंचरत होतं. आईनं कॅमेरा झटकन खाली केला, जणू स्वतःच कोणाच्या घरात न विचारता शिरली होती. "खिडक्या नाही हं," ती स्वतःलाच म्हणाली. मला त्या क्षणी ह्या यंत्राची भीतीपण वाटली. जवळ जाता येत नाही म्हणून आपण लांबून बघतो ते वेगळं, आणि समोरच्याला कळू नये म्हणून लांबून बघतो ते अगदी वेगळं, आणि कॅमेऱ्याला ह्यातलं काही कळत नाही, त्याचं बटण दोन्हीला सारखंच फिरतं.

फोटो म्हणून ते फोटो काही भारी नसतात. संध्याकाळ झाली की छोटा सेन्सर दाणे पकडतो, मग कॅमेरा ते दाणे पुसायला जातो आणि पिसं पण पुसून टाकतो, मोठ्या स्क्रीनवर बघितलं की कळतं. उडत्या पक्ष्यावर फोकस बसेपर्यंत पक्षी गेलेला असतो. मी कधीकधी रात्री ती कार्डं बघताना विचार करते की आरएक्स१० मध्ये हाच पारवा काय आला असता. मग आठवतं की आरएक्स१० असता तर हा पारवा मी काढला असता आणि आईला दाखवला असता, आणि ती म्हणाली असती, छान आहे.

परवा सकाळी तिनं हाक मारली. नेहमीच्या हाकेपेक्षा मोठ्यानं. मी धावत गेले तर तिनं डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला, चष्मा मांडीवर, कोपर कठड्यावर. टॉवरवर, वरून दुसऱ्या फळीपाशी, त्याच जागेवर परत काहीतरी काळं होतं. तिनं श्वास सोडला, बटण दाबलं, दोन-तीनदा दाबलं, मग माझ्याकडे कॅमेरा धरला. "बघ बघ, लवकर बघ, आहे अजून." मी डोळा लावला. सगळं धूसर. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक छोटी चकती असते, आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची, ती आईनं पहिल्याच आठवड्यात तिच्या नंबरावर लावून घेतलीय, बिनचष्म्याच्या डोळ्याला, उणे अडीचच्या आसपास. मला चष्मा नाही. माझं बोट त्या चकतीवर गेलं. ती फिरवून मी माझ्या नंबरावर आणली असती तर मला दिसलं असतं, मग आईला परत तिचा नंबर शोधत बसावं लागलं असतं, मागेपुढे करत, आणि तोवर तिथे जे काय होतं ते राहिलं असतं का कोण जाणे.

"दिसलं का?" आईनं विचारलं.

मी बोट काढून घेतलं. म्हणलं, "नाही गं, मला नाही दिसत. तू बघ आणि मला सांग काय आहे ते."

तिनं कॅमेरा घेतला, पिवळी भिंत पकडली, टॉवरचा पाय पकडला, एकेक फळी वर गेली. "थांब हं," म्हणाली. "कावळी आहे. घरटं करतीय. अगं पण काडी एक नाही त्याच्यात, सगळ्या तारा आहेत, तारा! आणि एक काळं काहीतरी लोंबतंय खाली, पट्टी आहे बहुतेक, वाऱ्यानं हलतीय... थांब, दुसरा आला. चोचीत काय आणलंय त्यानं, थांब, सांगते."